फिटच्या पथ्याची वही

नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे मी आहारतज्ज्ञ आहे. काय खायचं ते सांगायचं, एवढंच काम. पण सांगितलेलं घरी पोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही! किस्से मात्र ढीगभर साठलेत.

*

देवळाली प्रवऱ्याचे एक काका. आमच्या डॉक्टरसरांनी बजावलं होतं, "उपाशी राहायचं नाही, गोळी चुकवायची नाही." तरी चतुर्थीला फिट आलीच.

"उपाशी राहिलात ना?" मी विचारलं.

"छे! साबुदाणा लई खाल्ला. गोळी तेवढी घेतली न्हाई. उपास मोडतो ना!"

*

पाथर्डीची आरती, सात वर्षांची. नुसत्या गोळ्यांनी फिट थांबेनात, म्हणून सरांनी जोडीला कीटो डायट दिला. तूप, लोणी, अंडी भरपूर, भाकरी नावाला, गूळ-साखर बंद.

"फिट थांबल्या तरच वसतिगृहवाले घेत्यात, ताई," तिची आई संगीता म्हणाली. "न्हाईतर ऊसतोडीला संगं न्यावी लागती."

तेवढ्यात बाकावरचे लकव्याचे आजोबा उखडले. "तिला वाटीभर तूप अन् मला थेंब न्हाई? बाई, एकदा काय ते ठरवा!"

त्यांचं तूप सकाळी मीच बंद केलं होतं. क्षणभर माझाच गोंधळ उडाला.

*

पुढच्या खेपेला संगीताचा प्रश्न. "फिट आल्यावर कांदा हुंगवला तर चालंल का? तुमी कांदा बी मोजूनच सांगितलाय."

"हुंगवूच नका. कुशीवर वळवा फक्त."

तिने वहीत लिहिलं, 'कांदा पूर्ण बंद.'

*

दोन महिने एकही फिट नाही! आनंदाने मी पेढे आणले. आणि आरतीलाच देता येईनात.

वसतिगृहवाले म्हणाले, अजून थोडे दिवस बघू. तोवर तोडीचा हंगाम लागला आणि बिऱ्हाड कोपरगावकडे गेलं.

महिन्याभरात फिट परत सुरू! सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे. घास न् घास लिहिलेला. तीनदा वाचलं, चूक सापडेना. गोळ्याही वेळेवर.

संगीता रडायला लागली. "देवाशपथ ताई, साखरेचा कण न्हाई गेला पोटात."

"दिवसभर कुठं असते ही?"

"आमच्यासंगं, उसाच्या फडात."

"तिथं काय खाते?"

"काय बी न्हाई. कांडकं चघळत बसती."

"कशाचं?"

"उसाचं, आनि कशाचं? ते काय खानं हाय व्हय, ताई? चोथा तर थुकून टाकती!"