खाटेवर झोपून येणारा पैलवान

आमच्याकडे एक नवा ड्रायव्हर आलाय. पोरगं चांगलं आहे, गाडी हळू हाकतं, बायामाणसांशी नीट बोलतं. मी या लाल गाडीवर गेली सतरा वर्षं कंडक्टर आहे. लहानपणी मी टीव्हीवरची परदेशी कुस्ती बघायचे, हे त्याला कुणीतरी सांगितलं. एकदा वसमतच्या स्टँडवर गाडी लागायला वेळ होता, तेव्हा त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला.

"ताई, हे बघा. एक म्हातारा पैलवान स्वतःच सांगून राहिला. ठोसा कसा हुकवायचा, रक्त कसं काढायचं, कोण जिंकणार ते आदीच ठरलेलं. सगळं खोटं होतं. फसवलं तुमाला."

"व्हय, ठरलेलं होतं," मी म्हटलं. "मंग?"

तो गोंधळला. मला वाईट वाटेल, अशी त्याची अपेक्षा असावी. मला वाईट वाटलं नाही. उलट राग आला. चाळिशी ओलांडलेल्या बाईला कुणी हे समजावून सांगावं? आम्हाला ते तेव्हाच माहीत होतं. ठोसा लागायच्या आधीच माणूस पडायचा, हे दिसायला शिकावं लागत नाही. पण आम्ही ठोसे बघायला बसतच नव्हतो. आम्ही बसायचो ते वाईट माणसाचं येणं बघायला.

आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता. ते घर गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचं, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या अब्बांचं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. दुकानात पिंजलेल्या कापसाचे ढीग छातीएवढे असायचे. रविवारी सकाळी आमच्या घरी बुद्धवंदना व्हायची. ती झाली की मी पांढऱ्या फ्रॉकवरच पळत मैत्रिणीकडे जायचे आणि संध्याकाळी कापूस चिकटलेल्या केसांनी परत यायचे. आई म्हणायची, "लेकरू हाय का उशी?"

कुस्तीला आम्ही फायटिंग म्हणायचो. तिथले इंग्रजी शब्द आम्हाला कळत नव्हते, म्हणून पैलवानांना आम्हीच नावं ठेवली होती. एक होता जज. काळा झगा, मेंढीच्या लोकरीसारखा पांढरा टोप. कुस्ती सुरू होण्याआधी तो लांबलचक कागद उलगडून समोरच्याला शिक्षा वाचून दाखवायचा आणि जिंकला की लाकडी हातोडा त्याच्या छातीवर ठोकायचा. एक धुरवाला होता. मध काढणाऱ्यांसारखी जाळी तोंडावर, हातात धुराचं भांडं. तो कधी एक शब्द बोलला नाही. आणि सगळ्यांत वाईट, म्हणजे माझा सगळ्यांत लाडका, तो खाटेवाला. चौघं जण खाट खांद्यावर घेऊन यायचे आणि हा वर झोपलेला. अंगात पायघोळ सदरा, डोक्यावर झोपायची टोपी. हजारो लोक उभं राहून ओरडायचे, हा कूस बदलायचा. रिंगजवळ खाट टेकली की एक डोळा उघडून बघायचा, जांभई द्यायचा आणि परत डोळा मिटायचा. लोक चवताळायचे. आम्ही पोरंही चवताळायचो. मोठ्या माणसांत हे सगळं एकीलाच आवडायचं, ती म्हणजे मैत्रिणीची फुफ्फी.

फुफ्फी म्हणजे अब्बांची बहीण. पंचविशीतच ती नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आली होती आणि परत गेली नव्हती. तिला कुणी घालवलं नव्हतं, ती स्वतः निघून आली होती. हेच लोकांना पचत नव्हतं. तिच्या बिरादरीतले लोक बोलायचे, आमच्या वस्तीतल्या बायाही बोलायच्या. ती दुकानाच्या उंबऱ्यात बसून दिवसभर गाद्यांना टाके घालायची, सुई हातभर लांब. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस एकदा तरी तिच्याकडे वळून बघायचा. ती मान वर करून सरळ त्याच्याकडे बघायची, तोच मान फिरवेपर्यंत.

खाटेवाला आला की तिची सुई थांबायची.

"अगे, देख देख. सब उसके ऊपर चिल्लाके रहे. डर्‍या क्या? नै डर्‍या." मग गादीवाल्याच्या नजरेनं ती म्हणायची, "पन गद्दी में कपास नै है. वो फोम है."

"फुफ्फी, वो बुरा है," मैत्रीण म्हणायची.

"बुरा है तो क्या हुआ? अकेला है. अच्छे के साथ तो पूरा गाँव खडा है. उसको क्या तकलीफ?"

टीव्ही बंद झाला की आमची फायटिंग कापसाच्या ढिगात सुरू व्हायची. गल्लीतली सात-आठ पोरं. वाईट कुणाला व्हायचं नसायचं. पहिल्याच दिवशी एका पोरीनं माझ्याकडे बोट केलं. "ही काळी हाय. हिला वाईट करा." सगळ्यांनी व्हय व्हय केलं. मी रडतच घरी निघाले. उंबऱ्यात फुफ्फी होती. तिनं माझं मनगट पकडलं.

"काहून रडती?"

मी सांगितलं. तिनं मला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. गाद्यांच्या उरलेल्या चिंध्यांचा गठ्ठा ओढला आणि बसल्या बसल्या त्या जोडत गेली. लाल, निळ्या पट्ट्यांच्या, फुलांच्या. तासाभरात माझ्या खांद्यापासून टाचेपर्यंत येईल असा झगा झाला. मग तिनं कापूस पिंजायची जुनी धनुकली भिंतीवरून काढली आणि तिची ताणलेली दोरी, म्हणजे तात, मनगटानं ओढून सोडली. ट्याँव. ढिगातली सगळी पोरं वळून बघायला लागली.

"ये तेरा बाजा," ती म्हणाली. "अब चल. धीरे चल. वो चिल्लाएंगे, चिल्लाने दे. उनो थकते, तू नक्को थक."

दुकानाच्या दारापासून ढिगापर्यंत दहा पावलं असतील. ती चालायला मला किती वेळ लागला कोण जाणे. पोरं ओरडत होती, कापसाचे गोळे फेकत होती. ज्या पोरीनं मला काळी म्हटलं होतं, तिच्यापुढं मी थांबले आणि तिच्याकडे नुसतं बघितलं. तिनं हातातला गोळा खाली टाकला. मग कुस्ती झाली आणि मी हरले. वाईट माणसानं शेवटी हरायचंच असतं, हा नियम मला मान्य होता. पण त्या दहा पावलांत दुकान माझं होतं, ते कुणी परत घेऊ शकलं नाही.

सातवीत शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषा स्पर्धा होती. सगळ्या पोरी राण्या, परिचारिका, भारतमाता होऊन आल्या. मी चिंध्यांचा झगा घातला, चेहऱ्याला चुलीची राख फासली. मैत्रीण बाजूला धनुकली घेऊन उभी राहिली. निवेदन करणाऱ्या सरांनी चिठ्ठी बघितली, चष्मा वर केला आणि माईकवरच विचारलं, "खलनायक? कोणता खलनायक?"

"मी," मी म्हटलं.

लोक हसले. मैत्रिणीनं तात ओढली. मी चालायला लागले, मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पोरं शिट्ट्या मारायला लागली, मग हुर्यो करायला लागली. पुढच्या ओळीतल्या पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाईंनी पडद्याआडून "चल ये, पुरे!" म्हणून हात केला. मी थांबले नाही. मधोमध उभी राहून मी मोठी जांभई दिली. असा गलका झाला की माईक शिट्टीसारखा वाजायला लागला. त्या गलक्यात, मंडपाच्या मागं, पुरुषांच्या बाजूला फुफ्फी एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होती. हात डोक्याच्या वर नेऊन.

बक्षीस मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी आईला शाळेत बोलावलं. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, अर्धा दिवस बुडवून आली. बाई म्हणाल्या, "मुलीला चांगलं काहीतरी करायला शिकवा." आई मान खाली घालून ऐकत होती. घरी येताना रस्त्यात म्हणाली, "जांभई काहून दिली गं?" आणि मग तिलाच हसू आलं. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली. मी तिला इतकं हसताना फार कमी वेळा पाहिलंय.

आता वाईट माणसं टीव्हीवर नाहीत असं नाही. ड्रायव्हरनं मला आजकालचेही दाखवले. ते माईक घेऊन येतात, विनोद करतात, डोळा मारतात. लोकांनी त्यांच्यावर प्रेम करावं असं त्यांना मनातून वाटतं, ते दिसतं. आमच्या खाटेवाल्यानं कधी कुणाकडे प्रेम मागितलं नाही. जजनं कधी हसून दाखवलं नाही. इतकी माणसं एका आवाजात शिव्या देत असताना त्यांच्यामधून हळू चालत जायचं, हे खोटं कसं असेल? ठोसा खोटा असेल. शिव्या खऱ्याच होत्या. मी हे ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमी लईच मनावर घेतलं." मी म्हटलं, "बराबर. घेतलंच."

आणि म्हणून मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते.

वसमतहून हिंगोलीला जाणारी सकाळची गाडी, भरलेली. पुढं बायकांसाठी राखीव असलेल्या सीटवर एक माणूस बसला होता. पांढरे कपडे, मांडीवर बॅग, शेजारच्या जागेवर दुसरी बॅग. शिरड शहापूरला एक बाई चढली. दिवस भरत आलेले, एक हात पाठीवर, दुसऱ्या हातानं दांडी धरलेली. मी त्याला म्हटलं, "दादा, उठा. बायकांची सीट आहे."

"पुढं उतरायचंच आहे."

"पुढं म्हणजे कुठं?"

"हिंगोली."

हिंगोली म्हणजे गाडीचा शेवट. मी परत सांगितलं. तो म्हणाला, "मी कोण आहे माहीत आहे का तुमाला?" मी म्हटलं, "पॅसेंजर." दोघं-तिघं हसले. त्याला ते लागलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला.

मी घंटीची दोरी ओढली. एकदाच. गाडी थांबली. ड्रायव्हरनं, तेव्हा दुसरे होते, आरशात बघितलं. मी हात केला, थांबा म्हणून.

पहिली दोन मिनिटं सगळे माझ्या बाजूनं होते. पाचव्या मिनिटाला कुणी राहिलं नाही. "बाई, माझी कोर्टाची तारीख हाय." "अवो, दवाखान्यात नंबर लावायचाय." "एका सीटसाठी पन्नास माणसं कोंडून ठेवली!" "हिचंच खरं करायचंय हिला." मागून कुणीतरी असा शब्द टाकला की पुढच्या बायांनी माना खाली घातल्या. ऊन पत्र्यावर तापत होतं. ज्या बाईसाठी हे चाललं होतं, तीसुद्धा हळूच म्हणाली, "ताई, जाऊ द्या. मी राहते उभी. उगं तमाशा कशाला?"

तो शब्द मला सगळ्यांत जास्त लागला. क्षणभर वाटलं, सोडावं. माझा हात दोरीकडे गेलाही होता.

मग मी हात मागं घेतला आणि चालायला लागले. पुढच्या दारापासून शेवटच्या सीटपर्यंत, माणसांमधून, हळू. ते बोलत होते, मी ऐकत होते. मागं पोचले, वळले, तशीच परत आले. कुणाला उत्तर दिलं नाही. त्या माणसापुढं उभी राहिले आणि म्हटलं, "आज मी वाईट. सगळ्यांनी मला शिव्या द्या, पोटभर. पण ही सीट रिकामी झाल्याशिवाय गाडी हलत नाही."

आणि त्याच्याकडे बघत राहिले.

लोकांचा राग शहाणा नसतो, पण तो वाट शोधतो. मी हलत नाही म्हटल्यावर तो त्या माणसाकडे वळला. "उठ की रे बाबा!" एक म्हातारा ओरडला. "बाई ऐकत न्हाई, तू तरी ऐक!" मग सगळेच त्याच्यावर तुटून पडले. त्याला त्यातलं अर्धं मिनिटही सोसलं नाही. तो उठला, बॅगा उचलल्या, "तुमची तक्रार करतो" म्हणाला आणि मागं जाऊन दांडीला धरून उभा राहिला. ती बाई बसली. माझ्याकडे तिनं हिंगोली येईपर्यंत बघितलं नाही.

फुफ्फी आता डोंगरकड्याला असते, भाच्याच्या घरी. गल्लीतलं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिला ऐकू कमी येतं, डोळे मात्र तसेच आहेत. ईदेला गेले तेव्हा मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ही सगळी हकिकत ओरडून सांगितली. तिनं शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवली. मला वाटलं, शाबासकी देईल.

"वो हामिला औरत, पेट से थी जो," ती म्हणाली, "उसको पानी पूछी क्या?"

मी विचारलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. मी तसं सांगितलं. "फिर आधाच काम करी तू," ती म्हणाली आणि परत वाटी उचलली. मला राग आला, आणि ती बरोबर बोलत होती म्हणून जास्तच आला.

त्या माणसानं खरंच तक्रार केली होती. ईदच्या सुटीनंतर कामावर आले तर आधी माझ्याकडून खुलासा लिहून घेतला, मग डेपोतल्या साहेबांनी बोलावलं. साहेब शांत माणूस. समोर तक्रारीचा कागद, बाजूला माझा लेखी खुलासा. दोन्ही त्यांनी सावकाश वाचले.

"गाडी अकरा मिनिटं थांबली?"

"हो."

"प्रवाशांना म्हणालात, मला शिव्या द्या?"

"म्हणाले."

"का?"

"ते देतच होते साहेब. मी फक्त परवानगी दिली."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसले नाहीत. वेळ गेला हे चूक आहे, लेखी ताकीद द्यावी लागेल, असं म्हणाले. मी म्हटलं, द्या. त्यांनी विचारलं, "पुन्हा असं झालं तर?"

"पुन्हा थांबवीन," मी म्हटलं. "आणि त्या वेळी जी बाई उभी असेल, तिला आधी पाणी विचारीन."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली. कागदाची एक प्रत माझ्याकडे सरकवली. मी ती चार घड्या करून खिशात ठेवली आणि कळमनुरीच्या गाडीवर गेले.