वडिलांचं गाव, मलाया

मलायाला मी जायचं, हे आईने ठरवलं. मी सतरा वर्षांची होते, चिंचवडच्या शाळेत मॅट्रिकला होते. आमच्या माण गावातून समुद्रापार गेलेलं माणूस म्हणजे एक माझे वडीलच. महायुद्धात ते फौजेबरोबर सिंगापूरला गेले तेव्हा मी रांगत होते. पुढे बेपत्ता. त्यांची वाट बघत आजी-आजोबा गेले. आणि मलाया स्वतंत्र झाल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या चुलत्यांच्या, नानांच्या नावाने पत्र आलं: मी जिवंत आहे, आईबाप आहेत का? माझ्या आईबद्दल, माझ्याबद्दल एक ओळ नाही.

नाना म्हणाले, "मी जाऊन घिऊन येतो."

"शकूलाबी न्या," आई म्हणाली. "मला न्हाई म्हनंल त्यो. पोरीच्या तोंडावर कसा न्हाई म्हनंल?" आणि तिने पाटल्या मोडल्या.

आता मुंबईहून विमानाने पाचेक तासांत जाता येतं. आम्हाला सगळा मिळून पंधरवडा लागला. चिंचवडहून पुणे, पुण्याहून मद्रास, तिथे बोटीसाठी आणि डॉक्टरच्या तपासणीसाठी मुक्काम, मग आठवडाभर समुद्र. आमचं तिकीट डेकचं, म्हणजे उघड्यावर पथारी टाकायची. नानांनी पळत जाऊन आडोशाची जागा धरली. आईने दिलेल्या भाकऱ्या चार दिवस पुरल्या, मग बोटीवरचा भात आणि पाण्यासारखी डाळ. मला तर पाणीही पोटात ठरेना. रबराच्या मळ्यावर नवऱ्याकडे परत चाललेली एक तमिळ बाई शेजारी होती. तिने माझ्या मुठीत लिंबू दिलं आणि दिवसभर त्याचा वास घ्यायला लावला. तुम्ही कधी बोटीने गेलात तर लिंबं न्या, एवढा सल्ला आजही देते.

पेनांग बेटावर उतरून फेरीबोटीने पलीकडे, आणि तिथून आगगाडीने आलोर स्टार शहर. खिडकीबाहेर भातच भात. आमच्या मावळात डोंगराच्या पोटात जेवढी सपाटी मिळेल तेवढं खाचर. इथे नजर संपेपर्यंत पिवळं पीक, मध्ये नारळीच्या रांगा. नाना बघत राहिले. म्हणाले, "असली जमीन असंल तर कोन परत यील?" म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी खिडकी लावून घेतली.

वडिलांचं गाव शहराच्या कडेला होतं. नाव लिहीत नाही, त्यांची माणसं अजून तिथे आहेत. एका बाजूला खांबांवर उभी लाकडी घरं आणि भात, दुसऱ्या बाजूला डांबरी रस्ता, सरकारी कारकुनांची नवी बैठी घरं, एक सिनेमागृह. शेतं संपून शहर कुठे सुरू होतं ते सांगता येत नव्हतं.

ते वाटेवरच भेटले. लुंगी, डोक्याला फडकं, हातात विळा. नानांच्या गळ्यात पडून रडले. मग माझ्याकडे वळले. "शकू?" एवढंच म्हणाले. मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

घरात रोकिया होती, त्यांची बायको, आणि दोन मुलगे. जपान्यांच्या कैदेतून सुटलेला, तापाने फणफणलेला शिपाई तिच्या बापाने घरात घेतला होता. तो बरा झाला, त्यांच्या धर्मात आला, जावई झाला. हे त्यांनी नानांना सांगितलं. मी ऐकत होते. रोकियाने केळीच्या पानावर भात, तळलेली मासळी आणि आंबट कालवण वाढलं. माझं पान रिकामं होऊ दिलं नाही. तिचा राग करायचा ठरवलं होतं, ते जमेना.

शेजारीपाजारी बघायला आले. वडील माझ्याकडे बोट करून दरवेळी तेच दोन शब्द सांगायचे: "अनक सौदारा." अनक म्हणजे लेकरू, हे मला बोटीवर कळलं होतं. चार दिवस मी त्या शब्दावर खूश होते.

पाचव्या दिवशी नाक्यावरच्या पंजाबी दुकानदाराकडे साबण घ्यायला गेले. तो हिंदुस्थानीत म्हणाला, "आप उनकी भतीजी हैं ना? सब बता रहे थे."

म्हणजे अनक सौदारा हे भावाचं लेकरू. मी तशीच शेतावर गेले. वडील भाताच्या पेंढ्या लाकडी पिंपात झोडत होते.

"मी तुमची पुतणी?"

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "रोकियाला ठावं न्हाई, तिकडं माझं लगीन झालंया."

"आई सोळा वर्षं कुंकू लावतेय."

"तिला सांग, मी मेलो. सुटंल ती."

"मग इथे रोकियाला मी सांगते, मी कोण ते."

त्यांनी पेंढी पुन्हा उचलली. मग हळूच म्हणाले, "सांग की. तुला तिची भाषा कुटं येती?" आणि पुन्हा झोडपू लागले.

निघताना रोकियाने नवं फुलाफुलांचं कापड हातात दिलं, माझा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि बराच वेळ काहीतरी बोलली. मी वडिलांना विचारलं, काय म्हणते? ते म्हणाले, "काय न्हाई." तिला कळलं होतं का? आजवर मला माहीत नाही.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. खोटं सांग म्हणून नानांनी मला दोनदा विनवलं होतं. आई रडली नाही. तिने विचारलं, "पोरं किती?" मी म्हटलं, दोन. ती उठून गोठ्यात गेली.

महिन्याभरात तिने पिंपरीला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात कामासाठी नाव घातलं. मी बरोबर होते. कारकुनाने विचारलं, "नवरा काय करतो?"

"शेती."

"कुठं?"

"लांब हाय जरा."

त्याने ते तसंच लिहून घेतलं. तिने तिथे नोकरी संपेपर्यंत काम केलं, मला शिकवलं, आणि वडिलांचं नाव पुन्हा काढलं नाही. माझ्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावामागे 'कै.' छापायला मी सांगितलं. तेव्हा ते जिवंत होते. छापखान्यातून आलेली पत्रिका आईने वाचून घेतली आणि म्हणाली, "बरं झालं."

पुढे काही वर्षांनी ते गेल्याचं पत्र खरंच आलं. मी ते वाचून कपाटात ठेवलं. आई आणि नाना तोवर वारले होते, सांगायला जावं असं कुणी राहिलं नव्हतं. सगळ्यांच्या लेखी ते कधीच गेले होते.