वानखेडेकाका आणि आमचे तीन मोवर

अमेरिकेत, आमच्या ट्रॉयमध्ये घर घेतलं की गॅरेज मिळतं, आणि गॅरेज मिळालं की किस्से साठायला लागतात. टाकवत नाहीत, आणि सांगायला जावं तर ऐकणारा विचारतो, "तुम्ही लोक नक्की इंजिनिअरच ना?"

आमच्या गल्लीत मराठी घरं तीन. गोखले आणि नितीन वानखेडे मोटारींच्या इंजिनांवर काम करतात. मी बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहिते, म्हणजे गवताच्या बाबतीत अडाणी. शिवाय वानखेडेकाका, नितीनचे वडील. नागपूरला बसडेपोत मेकॅनिक होते. काकू गेल्यावर नितीनने त्यांना मे महिन्यात सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. आठव्या दिवशी काका म्हणाले, "इथं माझं काय काम? तिकीट बदलून दे." तिकीट नितीनने बदललं नाही. पण एकदा गेले की बाबा परत यायचे नाहीत, ही भीती त्याने मला बोलून दाखवली.

*

गवत कापायचा माझा नवा मोवर खोक्यातून निघाला तो कोरडा. इंजिनात तेल आपणच घालायचं असतं. कुठलं घालू, हे मी आमच्या ग्रुपवर विचारलं, तिथेच चुकलं.

गोखल्यांनी बारा स्लाइड्स पाठवल्या. तापमान, घट्टपणा, सगळ्याचे ग्राफ. नितीनचं म्हणणं सिंथेटिकच घाल. नऊ दिवस हे चाललं. गवत पोटरीपर्यंत आलं, त्यात सशिणीने पिल्लं घातली आणि गवत कापा म्हणून सिटीचं पत्र आलं.

दहाव्या दिवशी दोघं माझ्या ड्राइव्ह-वेवर समोरासमोर वाद घालायला जमले. नितीनच्या मागून काका हात पाठीशी बांधून आले. चष्मा लावला, मोवरवर वाकले आणि म्हणाले, "झाकणावर लिहिलंय. एसएई तीस."

गोखले म्हणाले, "हो, पण ऑप्टिमम काय, हा प्रश्न उरतोच."

*

तेल आणलं. चांगली नवी वस्तू, हात कशाला आखडायचा, म्हणून मी अख्खी बाटली ओतली. दोरी ओढल्यावर एवढा पांढरा धूर निघाला की समोरची बाई आग विझवायचं सिलिंडर घेऊन धावत आली.

काका शांतपणे आले. आत तेल किती आहे ते पट्टीवर पाहिलं, मोवर आडवा केला आणि जास्तीचं तेल डब्यात काढलं. मग मला म्हणाले, "इंजिनला आग्रह करून राहिली का, बेटा?"

*

मोवर चालवायला मात्र नितीन त्यांना देईना. पाहुण्यांच्या इन्शुरन्समध्ये हे बसत नाही म्हणे. मग शनिवारी नितीन गवत कापायचा आणि काका घडीच्या खुर्चीत बसून आवाज ऐकायचे. मध्येच हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, "पातं बोथट झालंय." झालेलं असायचं.

हे गल्लीत पसरलं. लोक बिघडलेले मोवर ढकलत आणायला लागले. नितीनच्या आठ वर्षांच्या मीराने फ्रिजवर कागद लावला, त्यावर आजोबांच्या अपॉइंटमेंट्स. एकदा काका जेवायला बसणार, तर ती म्हणाली, "आजोबा, यू हॅव अ टू ओ'क्लॉक." काका ताटावरून उठले. तिकीट बदलायची भाषा बंद झाली. पण परत यायची भाषाही कोणी काढली नाही.

*

खंडेनवमीला गोखल्यांनी मोवरची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू, वर मूठभर अक्षता. दुसऱ्या दिवशी मोवर दोन आचके देऊन बंद पडायला लागला.

काकांनी एअर फिल्टरचं झाकण उघडलं आणि चिमट्याने तांदळाचे दाणे एकेक करून बाहेर काढले. बाजूला ओळीने मांडलेसुद्धा. गोखले ओशाळून म्हणाले, "काका, तुमच्याकडे यंत्रांची पूजा कशी करतात हो?"

"आम्ही बौद्ध. आमच्यात पूजा नसते," काका म्हणाले. "आम्ही पुसून ठेवतो."

*

ऑक्टोबरच्या शेवटी मोवर थंडीसाठी ठेवून द्यायची वेळ आली. टाकीतलं पेट्रोल काढायचं की त्यात ते टिकवायचं औषध घालून तसंच ठेवायचं, यावर गोखले आणि नितीन पुन्हा ग्रुपवर भिडले. त्यांचं चालू असताना काकांनी एका शनिवारी तिन्ही मोवर उरकले. पेट्रोल काढलं, तेल बदललं, पात्याखाली चिकटलेलं गवत खरवडलं, जुन्या चादरी पांघरल्या. बर्फ वितळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली आणि मंगळवारी निघाले.

सोडायला मीही गेले होते. एअरपोर्टवर नितीनने विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी याल ना?" काका म्हणाले, "बघू." येताना गाडीत नितीन ते "बघू" मला तीन वेळा सांगत होता. आपल्याकडे बघू म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं, आणि मी हवामानाबद्दल बोलत राहिले.

एप्रिलच्या शेवटी ऊन पडलं. मी चादर काढून दोरी ओढली. ती लोण्यातून यावी तशी आली, आवाज काहीच नाही. गोखल्यांचाही मोवर तसाच. नितीनचाही. इंजिनांची नोकरी करणारे दोघं आळीपाळीने घामाघूम होईपर्यंत दोऱ्या ओढत राहिले. शेवटी नितीन गुडघ्यांवर बसला आणि वाकून बघायला लागला. ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगच्या जागी कापडाचा स्वच्छ बोळा, घट्ट बसवलेला. तिन्हींत तेच. प्लग कुठेच नाहीत.

गॅरेज पालथं घातलं. मग नितीनने नागपूरला फोन लावून स्पीकरवर टाकला. "बाबा, तिन्ही प्लग कुठे ठेवलेत?"

"माझ्याजवळ आहेत," काका म्हणाले. "डब्बीत. तेल लावून ठेवले."

गोखले पुढे सरसावले. "अहो काका, प्लग काय, इथे कोपऱ्यावरच्या दुकानात..." नितीनने फोन उचलून त्यांच्यापासून लांब नेला.

 मग काकांनी विचारलं, "गवत किती आलं?"

नितीनने अंगणाकडे पाहिलं. बुटाचा सोलसुद्धा झाकत नव्हतं.

"गुडघ्यापर्यंत आलंय, बाबा."