रेतीची चव

मांजर्लीतल्या आमच्या घराची मागची भिंत पुराच्या पाण्याने पोखरली होती. ती पाडून नवी बांधायला घेतली तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन घरीच होते. आनंदनगरच्या कारखान्यात निघताना बाबा म्हणाले, "माल एकास सहाचा हवा. एक घमेलं सिमेंट, सहा रेती. लक्ष ठेव."

लक्ष ठेवणं मला जमायचं. बोलणं नाही. शाळा इंग्रजी, त्यामुळे परक्या माणसांसमोर मराठीत तोंड उघडलं की कुणीतरी हसेल असं वाटायचं. मी मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले.

माल कालवायला जांभूळ गावाकडच्या पाड्यावरची एक बाई होती. रेती चाळता चाळता तिने चिमूटभर तोंडात टाकली आणि थुंकली. मग पाणी मागायला माझ्यापाशी आली.

"पोरी, रेती खारी हाय. नदीची नाय ही, खाडीची. भिंतीला लोणा लागंल, पोपडे निघतील."

बाबांनी तर नदीची रेती सांगितली होती. "मिस्त्रींना सांगा ना," मी म्हटलं.

"मी सांगू? उद्यापासून बोलावनार नाय. तू सांग. माझं नाव नको घेऊ."

मिस्त्री दोरी बांधून तयार होता. विटा भिजल्या होत्या. सिमेंटची गोणी फोडायचीच बाकी होती. मी उठले.

"मिस्त्री, रेती खारी आहे."

"कोण म्हणतं?"

त्याची नजर चाळणीकडे वळायला लागली. ती बाई खाली मान घालून चाळत होती. मी वाकून ढिगातली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. आधी नुसतीच कचकच, मग जिभेवर मीठ.

"मी म्हणते."

"इंग्लिश शाळेत रेती खायला शिकवतात काय, बेबी?"

त्याचा जोडीदार हसला. माझे कान तापले, पण मी तिथून हलले नाही. मला खोटं पाडायला मिस्त्रीनेही चिमूटभर घेतली. चावली.

"च्यायला, ट्रकवाल्याने गंडवलं," तो थुंकून म्हणाला. "गोणी फोडू नका रे."

काम थांबलं. संध्याकाळी बाबा ओरडतील म्हणून मी स्वयंपाकघरातच घुटमळत राहिले. त्यांनीही रेती चाखली, मोरीत जाऊन चूळ भरली. "बरं झालं बोललीस," म्हणाले आणि चहा मागितला. तेवढंच. मी स्टोव्ह पेटवला.

ती रेती अंगणातल्या खड्ड्यात गेली. दोन दिवसांनी नदीची आली. बाईने चिमूट तोंडात टाकली, जीभ फिरवली, माझ्याकडे बघून किंचित मान हलवली आणि गोणी फोडली. मी पायरीवर बसून घमेली मोजायला लागले.