संपतचं सॉरी

दुकानातला माल संपतो, किस्से संपत नाहीत! खोडदला माझं खता-औषधांचं दुकान. बाटलीवरचं इंग्रजी वाचून अर्थ सांगणारा गावात मी एकटा. पण नव्वदनंतर गावाशेजारी मोठमोठ्या अँटेना उभ्या राहिल्या, शेजारचा संपत तिथल्या साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर लागला, त्यांचे इंग्रजी शब्द गावात फेकू लागला, आणि माझा भाव उतरला.

*

एकदा दुकानाच्या बाकावर टेकत संपत म्हणाला, "आज लई बिझी हाय."

बाकावर रोज बसणाऱ्या म्हाताऱ्या नानांनी विचारलं, "म्हंजी?"

मी घाईघाईनं सांगितलं, "म्हंजी कामात."

"मंग हितं काय करतुयास?"

सगळे हसले, मी जरा जास्तच. दुसऱ्या दिवशी नाना सुनेला सांगत होते, "मी बिझी हाय!" माझा एक शब्द म्हाताऱ्यानं कधी उचलला नव्हता!

*

लग्नाच्या पंगतीत संपत वाढप्याला म्हणाला, "नो, थँक्यू."

आमच्याकडं पानावर आडवा हात धरल्याशिवाय नकार कोण मानतो? "थँक्यू राहू द्या पावणं," म्हणत वाढप्यानं आणखी दोन जिलब्या वाढल्या. मला ते जेवण फार गोड लागलं.

*

पण घरी काय? बायको, सुमन, ऐकवायची, "भाकरी वाढली की संपत भाऊजी कमलला थँक्यू म्हणत्यात. तुमी नुसतं 'मीठ कमी' म्हणता."

अस्सा जळलो! दुपारी पिठल्याचा पहिला घास घेतला आणि मोठ्यानं म्हणालो, "थँक्यू."

सुमननं पळी खाली ठेवली. "काय करून आलाय?"

*

मग एकदा संपतची बायको कमल विरजण मागायला आली. मी आतून ऐकत होतो.

सुमन म्हणाली, "नशीब लागतं बाई. भाऊजी चुकले तर सॉरी तरी म्हणत्यात. आमच्या ह्यांच्या तोंडातून शब्द फुटत न्हाई. भांडण झालं की गुपचूप बाजारात जात्यात, भेळ आणत्यात न् ओट्यावर ठिवत्यात."

कमलनं विरजणाची वाटी पदराखाली घेतली. मग म्हणाली, "पयलं आमचे बी आणायचे. सॉरी शिकले न् भेळ बंद झाली."

संध्याकाळी सुमननं कधी नव्हे ते मला न मागता चहा दिला.

पुढच्या बाजाराला नारायणगावात भेळेच्या गाडीवर गेलो, तर माझ्या पुढं संपत उभा!

मी मुद्दाम विचारलं, "काय रे, आज सॉरी न्हाई का?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. गाडीवाल्याला म्हणाला, "भाऊ, पुडी जरा मोठी बांध."