चोरबीटीचे शेत

सौंसरजवळच्या आमच्या शेतात कोणते बियाणे पेरायचे, हे पूर्वी माझे वडील ठरवीत. आता दिल्ली ठरवते. तणनाशक सहन करणारी कपाशी परदेशात उघडपणे पिकते. आपल्याकडे तिला परवानगी नाही. म्हणून ती चोरून येते आणि चोरबीटी म्हणवली जाते. तिच्यापासून नेमका कोणाला धोका आहे, हे मला समजेल अशा भाषेत अजून कोणी सांगितलेले नाही. मनाई करणाऱ्यांपैकी कोणी कधी निंदणाला बसला असेल, असे वाटत नाही.

निंदायला आता बाया मिळत नाहीत. सकाळी बोरगावच्या कारखान्याची गाडी येते आणि त्या तीत बसून जातात. त्यांचे बरोबर आहे. म्हणून गेल्या खरिपात मुलाने चोरबीटी आणली.

"बिल कुठे आहे?" मी विचारले.

"चोरबीटीचं बिल मागून राहिले तुम्ही, बाबा?" तो हसला. "सारं गाव हेच पेरून राहिलं."

फवारणीच्या वेळी मी त्याला एवढेच म्हणालो, की आधी एका ओळीवर मारून पाहा.

"तण कपाशीच्या वर चाललं. वाट पाहत बसू का?"

शेत तो करतो, निर्णय त्याचा. 

त्याने सगळ्या शेतावर तणनाशक मारले. तण पिवळे पडले आणि पाठोपाठ कपाशीही. पाकिटात साधे बियाणे होते. विकणाऱ्याचा फोन बंद झाला. तक्रार करावी, तर तोच गुन्ह्याचा कबुलीजबाब ठरणार. उघड बाजारात दुकानदाराला नाव असते, पत्ता असतो आणि अब्रूची भीती असते. सरकारच्या मनाईने माल थांबला नाही; फक्त विकणाऱ्याची ही भीती गेली. ठगांची एवढी मोठी सेवा दुसऱ्या कोणी केली नसेल.

तशात कोणीतरी आमचीच तक्रार केली. कृषी कार्यालयातला एक तरुण अधिकारी आला. धुऱ्यालगत, बांधाच्या कडेला, फवाऱ्यातून वाचलेल्या एका झाडाचे पान त्याने कुटले, पाण्यात कालवले आणि त्यात तपासणीची पट्टी बुडवली. आम्ही तिघे त्या पट्टीकडे पाहत उभे राहिलो.

"काकाजी, बियाणं साधं आहे," तो प्रसन्नपणे म्हणाला. "तुमच्यावर केस होत नाही."

"अन् हे सारं वावर जळालं ते?" मुलाने विचारले.

"तो आमचा विषय नाही."

"विकणाऱ्याले तरी धरा, साहेब."

"धरतो ना. पक्कं बिल आणा."

"बिल असतं, तर तुम्ही मलेच धरलं असतं."

अधिकाऱ्याला हे पटल्यासारखे दिसले. त्याने हात धुतले. पुढच्या वर्षी प्रमाणित बियाणे घ्या, सरकार शेतकऱ्याच्या संरक्षणासाठीच आहे, असे त्याने मला सांगितले. जळालेल्या कपाशीत उभे राहून हे वाक्य बोलायला एक विशिष्ट शिक्षण लागते. ते त्याने घेतले होते.

त्याची गाडी वळेपर्यंत मुलगा थांबला नाही. त्याने उभ्या कपाशीत ट्रॅक्टर घातला. तूर पेरायला उशीर होत होता, आणि तुरीला अजून कोणाची परवानगी लागत नव्हती.