दिगूच्या घरची विलायती गाणी

"काका, बाबा गेले," असं मंदार फोनवर म्हणाला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "कोणी सांगितलं तुले?" पोरगा दवाखान्याच्या दारात उभा होता, बापाच्या उशापासून नुकता उठून आलेला. त्याला कोण काय सांगणार? पण अकोल्याच्या कोर्टात उभी हयात उलटतपासणीत गेली की माणूस मरणालाही पुरावा मागतो. बायको म्हणाली, "आज तरी वकिली ठेवा बाजूले." तेव्हा कुठं खाली बसलो... दिगू गेला. अमरावतीचा दिगंबर, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, माझा वसतिगृहापासूनचा दोस्त. महिना होत आला. चांगल्या लोकांबद्दल लिहितात तसं काही हळवं लिहावं म्हणून बसलो, पण खरं सांगतो, या माणसावर माझा जन्मभर संशय होता, आणि तो बाजूला ठेवून मला दिगूबद्दल लिहिताच येणार नाही.

संशय त्याच्या शौकाचा. दिगूचं घराणं भिक्षुकीचं. वडील सोवळ्याओवळ्याचे इतके कडक की आम्ही मित्र ओसरीच्या पुढं पाऊल टाकताना चपला दोनदा झटकायचो. अशा घरात लग्नानंतर थोड्याच दिवसांनी दिगूनं मुंबईहून एक रेकॉर्डप्लेअर आणला आणि त्याच्यासोबत विलायती रेकॉर्डी. सिनेमाच्या नव्हेत. शंभर-शंभर माणसं एका दमात लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणतात, मागं व्हायोलिनांचा ताफा, मधूनच नगाऱ्यासारखं काहीतरी धडधडतं, असल्या. आळीतले लोक म्हणाले, पंडितजींच्या घरी बँड बसला. कोणी म्हणालं, मास्तर बाटला वाटते. मी यातलं काही म्हणालो नाही. मला एवढंच वाटलं की दिगू शायनिंग मारून राहिला. कारण मी त्याला वसतिगृहात ऐकला होता. गणपतीच्या आरतीत तो असा काही सूर लावायचा की शेवटी पोरांनी त्याच्या हातातली झांजही काढून घेतली आणि त्याला प्रसाद वाटायला बसवलं. ज्याला 'सुखकर्ता' जमत नाही, त्याला हे शंभर गोऱ्यांचं गाणं गोड कसं लागणार?

तरी जात राहिलो. महिन्यातून एका रविवारी दिगूकडे बैठक असायची. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो. एक दातांचे डॉक्टर यायचे, एक बँकेतले साहेब यायचे, मधूनमधून एखादा नवा माणूस यायचा आणि पुन्हा यायचा नाही. खिडक्या लावून दिगू रेकॉर्ड मऊ फडक्यानं पुसायचा, सुई ठेवायचा आणि सांगायचा, "आता पाह्य, आधी पुरुषांचे आवाज येतील, मग बायकांचे." तसे ते यायचे. आम्ही माना डोलवायचो. वहिनी, म्हणजे दिगूची बायको शालिनीवहिनी, कधी बाहेर येऊन बसल्या नाहीत. चहा-चिवड्याचा ट्रे आतल्या दाराशी ठेवायच्या, दारावर टिचकी मारायच्या, की दिगू उठून घ्यायचा. आम्हा सगळ्यांना त्या बाईची दया यायची. डॉक्टर एकदा म्हणालेही, "वहिनींच्या डोक्याले त्रास होत असन." दिगू म्हणाला, "तिची काही तक्रार नाही." साक्षीदार असं गुळमुळीत बोलला की मी ताबडतोब कान टवकारतो.

मग एका रविवारी मी त्याला पकडायचं ठरवलं. तो पाणी आणायला आत गेला आणि मी दोन रेकॉर्डींच्या पाकिटांची अदलाबदल केली. दिगू आला, पाकीट पाहिलं, रेकॉर्ड काढून पुसली, आणि गंभीर आवाजात सांगितलं की आता फार हळू सुरुवात होईल, जणू कोणी झोपेत प्रार्थना करून राहिलं. सुई टेकली आणि तुताऱ्या आणि ढोल असे सुटले की बँकवाल्या साहेबांच्या हातातला चिवडा सांडला. दिगू? दिगू डोळे मिटून मान डोलवत होता. बराच वेळ डोलवत होता. मग स्वयंपाकघरात एक ताट दाणकन पडलं. तो दचकून उठला, सुई उचलली, लेबल डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, "चुकीची लागली वाटते." परतीच्या गाडीत मी खटला जिंकल्यासारखा खूश होतो. माणसाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. बोललो मात्र नाही. हातातला पुरावा लगेच टाकायचा नसतो.

पण खटला तितका सोपा निघाला नाही. काही वर्षांनी अमरावतीतल्या एका मंडळानं दिगूचा सत्कार केला. पाश्चात्त्य संगीताचे वऱ्हाडातले जाणकार म्हणून. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, हाताची घडी घालून. आणि हा पठ्ठ्या उभा राहून असा बोलला... समूहात चार आवाज कसे असतात, वरचा सगळ्यांना ऐकू येतो पण खालचे तीन काढून घेतले तर तो कसा उघडा पडतो, हे त्यानं इतकं सोपं करून सांगितलं की शेजारचा माणूस म्हणाला, वा. तुताऱ्या आणि प्रार्थना यांतला फरक ज्याला कळत नाही, तो हे कुठून बोलतो? पाठ करून आला, असा मी मनाशी निकाल दिला. पण कोणाकडून पाठ करून आला, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. माझ्या कामात असली चूक मी ज्युनियरला माफ केली नसती.

दिगूच्या शोकसभेत कॉलेजच्या प्राचार्यांनी जाहीर केलं की सरांच्या रेकॉर्डी कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांच्या नावानं ठेवू, वर नावाची पाटी लावू. मंदार पुण्याला नोकरी करतो. त्याला हे पटलं, त्यानं हो म्हटलं. कागदपत्रं मी पाहावीत असं ठरलं. आणि वहिनी म्हणाल्या, "नाही." एवढंच. कारण सांगितलं नाही. मंदारनं समजावलं, नातेवाइकांनी समजावलं, वहिनींचं आपलं नाहीच. मग लोकांची तोंडं सुटली. कोणी म्हणे, जुन्या रेकॉर्डींचे शौकीन मुंबईहून येतात म्हणते, बाईनं किमतीची चौकशी केली असन. माझा तर्क वेगळा होता. ज्या बाईनं सगळा संसार त्या गोंगाटाच्या दाराआड काढला, ती आता त्याचा सूड घेणार. एखाद्या सकाळी त्या सगळ्या रेकॉर्डी भंगारवाल्याच्या गाडीवर जाणार. दिगूचं संगीत खोटं असेल, पण त्याच्या नावानं एवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती वाचवणं माझं काम होतं. म्हणून न कळवता अमरावतीला गेलो. कळवलं की पुरावा हलवतात.

दुपारची वेळ होती. फाटकाची कडी काढली आणि आतून रेकॉर्ड ऐकू आली. म्हटलं, गिऱ्हाईक आलं वाटतं. दार लोटलेलं होतं. पुढच्या खोलीत कोणी गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी माझ्याकडे पाठ करून, हात जोडल्यासारखे छातीशी धरून उभ्या होत्या आणि गात होत्या. रेकॉर्डमध्ये वरच्या आवाजात जे चाललं होतं ते नव्हे, भलतंच काही, त्याच्या बरंच खाली. मला वाटलं, म्हातारपणी बाईचं काही बिनसलं. ती रेकॉर्ड मी इतक्या रविवारी ऐकलेली, त्यात ही चाल कधी नव्हती. मग वहिनी श्वास घ्यायला थांबल्या, आणि तीच चाल रेकॉर्डमधून पुढं चालत गेली. ती तिथंच होती. पहिल्यापासून होती. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

त्यांनी वळून पाहिलं. लाजल्या नाहीत. सुई उचलली आणि म्हणाल्या, "या भाऊजी. पाठवलं वाटते तुमाले समजवाले." मी विचारलं, "वहिनी, हे काय म्हणून राहिले होते तुमी?" त्या म्हणाल्या, "दुसरा आवाज. शाळेत माह्याकडे दुसरा आवाज होता." मग खाली बसून सगळं सांगितलं. लहानपणी नागपूरला मावशीकडे राहून मिशनच्या शाळेत शिकल्या होत्या. तिथल्या बाई मुलींकडून प्रार्थना चार आवाजांत म्हणून घेत. लग्न ठरलं तेव्हा शाळेचं नाव ऐकूनच सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली होती, गाण्याचं कोण सांगतो? एक दिवस भांडी विसळताना गुणगुणत होत्या, ते दिगूनं ऐकलं. विचारलं, हे कोणतं गाणं? त्यांनी सांगितलं. आणि पुढच्या खेपेला मुंबईहून तो रेकॉर्डप्लेअर घेऊन आला.

"यायनं मामंजींले सांगितलं, मले शौक लागला," भिंतीवरच्या दिगूच्या फोटोकडे बघत वहिनी म्हणाल्या. "पोराच्या शौकाले घरात कोण बोलते? सुनेच्या बोलतात. पण एकटेच खिडक्या लावून बसले असते तर लोकायले शंका आली असती. म्हणून तुमाले बोलवत. अकोल्याचा वकील येऊन बसते म्हटल्यावर मामंजी चूप."

म्हणजे मी साक्षीदार होतो. आणि तोही पढवलेला नव्हे, ज्याला आपण साक्षीदार आहोत हेच माहीत नाही असा. मी विचारलं, "आणि दिगूले यातलं...?" वहिनी हसल्या. "काहीच नाही. बासरी कोणती, व्हायोलिन कोणतं, एवढंही सांगता येत नव्हतं. आज कोणती लावाची, कुठं काय येते, सारं मी सकाळी शिकवून ठेवत होती. त्या दिवशी पाकिटं तुमीच बदलली होती. मले तवाच समजलं. ताट मीच पाडलं."

मी म्हणालो, "मामंजी जाऊन जमाना झाला, वहिनी. नंतर काहून नाही सांगितलं?" त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी म्हणत होती. हे म्हणत, लोक मले हसतात, माही सवय झाली. तुले हसले तर मले सहन नाही होणार. झालं. पण भाऊजी, हसू यायच्या वाट्याला गेलं तसं नावही यायच्याच वाट्याला गेलं. सत्काराच्या दिवशी ते जे चार आवाजायचं बोलले ते मी आदल्या सांजेले पोळ्या लाटता लाटता बोलली होती. घरी येऊन यायनं ती शाल माह्या खांद्यावर टाकली. रडले. शालीनं काय होते? आणि आता तुमी पाटी लावून राहिले यायच्या नावाची. मंग मी काय ऐकू?"

मला दिगूचा सणसणीत राग आला, समोर असता तर भांडलो असतो. आणि त्याच वेळी त्याला कवटाळावंसं वाटलं. सूर कशाशी खातात हे ठाऊक नसलेला माणूस, आळीची टिंगल अंगावर घेत, माझ्यासारख्या शंकेखोराला दारात आणून बसवत, सगळं आयुष्य डोळे मिटून मान डोलवत बसला. माझा संशय अक्षर न् अक्षर खरा होता. तो ढोंगच करत होता. खिशातून फोन काढून मी तिथूनच प्राचार्यांना लावला. सांगितलं की संग्रह देता येणार नाही, मालक हयात आहे. ते म्हणाले, "अहो पण सर तर..." मी म्हणालो, "मालकीण." आणि वहिनींना म्हणालो, मंदारला तुम्ही स्वतः सांगा, हे माझ्या तोंडून जाऊ नये.

निघताना वहिनींनी विचारलं, "एक खरं सांगा भाऊजी. तुमाले आवडते का हे?" शपथेवर विचारल्यासारखंच विचारलं. मी म्हणालो, "नाही." "मंग एवढ्या लांबून काहून येत होते?" मी म्हणालो, "दिगू एकटा पडन म्हणून." वहिनींनी कपाळाला हात लावला. "मामंजी गेल्यावर मी यायले म्हटलं होतं, आता बैठक बंद करा, आपण दोघंच ऐकू. तर म्हणत, वकिलाले लय आवडते, त्याचं मन मोडन." आम्ही दोघंही हसलो, आणि मग दोघांनाही हसवेना.

पुढच्या रविवारी गेलो. डॉक्टर आता नाहीत, बँकवाले साहेब मुलाकडे राहायला गेले. वहिनींनी रेकॉर्ड पुसली, लावली आणि दिगूच्या खुर्चीत बसल्या. चहाचं कोणाच्या लक्षात नव्हतं, म्हणून मीच उठून आत गेलो. त्या स्वयंपाकघरात मी कधीच पाऊल टाकलं नव्हतं. चहा ठेवला आणि ओट्याशी उभा राहिलो, तर अर्धवट उघड्या दारातून पुढच्या खोलीतलं एकच काय ते दिसत होतं, दिगूची खुर्ची. आणि दोन स्पीकरांपैकी एकाचं तोंड आम्हा पाहुण्यांकडे नव्हतंच, नीट या दाराकडे होतं. आवाज सरळ ओट्यापर्यंत येत होता. वरची चाल मला पाठ होती. मी तिच्या खालची शोधायला लागलो. एकदा सापडल्यासारखी वाटली, मग गेली. गॅसचा फुसफुसाट आड येत होता. मी गॅस बंद केला.